हवामान न्याय, वेळ दहा ते एक

आमच्या कर्वेनगरातल्या माणसांनी स्वित्झर्लंड पाहिलेले असते, केरळ पाहिलेले असते, काहींनी अंटार्क्टिकाची माहितीपत्रकेही मागवून ठेवलेली असतात. मांजरी मात्र कोणी पाहिलेली नसते. मांजरी पुण्यात आहे, हडपसरच्या पुढे. महापालिकेने तसे रीतसर जाहीर केले आहे आणि घरपट्टीही पुण्याचीच लावली आहे. पण कर्वेनगराच्या हिशेबात हडपसर आले की पुणे संपते आणि सोलापूर सुरू होते. म्हणून हे प्रवासवर्णन. ज्यांना जाणे जमणार नाही त्यांनी घरी बसून वाचावे. ज्यांना जमेल त्यांनी पाण्याची बाटली आणि थोडी नम्रता बरोबर न्यावी. पैकी पाणी तिथेही मिळते.

मी कॉलेजात मराठी शिकवते. पर्यावरणाशी माझा संबंध गॅलरीतल्या तुळशीपुरता, आणि तीही माझ्याकडे संशयानेच पाहते. पण यंदा आमच्या कॉलेजात एक फेलोशिप आली. पूर्वी कॉलेजात साथी यायच्या, आता फेलोशिपा येतात. तिचे नाव 'यूथ एन्व्हायर्न्मेंटल एज्युकेशन अँड क्लायमेट इक्विटी स्टुडंट फेलोशिप'. हे नाव एका दमात म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला निवडायचे असा काहीतरी निकष असावा, कारण निवडलेल्या दोघांपैकी तन्मयला ते पाठ होते. तन्मय आमच्याच भागातला, बोलताना दर वाक्याच्या आधी 'बेसिकली' म्हणणारा. दुसरी शीतल, धायरीची. तिच्या घरी अजून दोन म्हशी आणि एक वडिलोपार्जित आवाज आहे. ती काहीच पाठ न करता निवडली गेली, याचे सर्वांना आश्चर्य वाटले. तिला सोडून.

दोघांनी चार दिवस मांजरीत राहून शाळेतल्या मुलांना हवामानबदल शिकवायचा आणि शेवटी परीक्षकांपुढे सादरीकरण करायचे, असा कार्यक्रम होता. बरोबर कोणीतरी मोठे हवे, म्हणून मी. आणि गावात जायचे तर सगळे मराठीत हवे, म्हणूनही मीच. समन्वयक म्हणून एक गृहस्थ होते. ते आम्हाला प्रत्यक्ष कधीच भेटले नाहीत. ते फक्त आवाजी संदेशांतून वास करत.

फेलो म्हणजे काय? मी क्षणाचाही विचार न करता 'अधिछात्र' लिहून दिले. शब्द शासनमान्य आहे, शुद्ध आहे, आणि तो कोणालाही कळत नाही. म्हणजे सगळे गुण आले. इक्विटीला 'समन्याय' सुचवला. समन्वयकांनी उत्तरादाखल हसऱ्या सूर्याचे चित्र पाठवले, ती मंजुरी समजून मी कागद पुढे पाठवला.

गुरुवार: कर्वेनगर ते मांजरी

निघताना आमच्या ह्यांनी पासपोर्ट घेतला का म्हणून विचारले. मी उत्तर दिले नाही. लग्नाला बरीच वर्षे झाली की माणसाला कशाकशाचे उत्तर द्यायचे नाही ते समजते. वाटेतल्या वाहतुकीबद्दल काही लिहीत नाही. वाचकांपैकी प्रत्येकजण रोज तिच्यात बसतोच.

आमची उतरण्याची सोय बापूंच्या बंगल्यात होती. बापू म्हणजे गावातले जुने बागायतदार. त्यांच्या उसाच्या एका तुकड्यावर आता अकरा मजली सोसायटी उभी आहे आणि उरलेल्या तुकड्यावर अजून ऊस आहे. दोन्हींकडे बोट दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर सारखाच अभिमान असतो. बंगला तीन मजली. लिफ्टसाठी जागा सोडली आहे आणि लिफ्ट येईपर्यंत तिथे कांदे ठेवले आहेत. कांदे फार नीट राहतात असे बापू म्हणाले. लिफ्ट आली तर कांद्यांचे काय, ही त्यांची खरी काळजी आहे.

"पुण्याहून आलात का?" त्यांनी आपुलकीने विचारले.

हेही पुणेच आहे, असे मी शिक्षकी सवयीने सांगितले. बापूंनी मान हलवली आणि मंगळवारी पुण्याला जायचे आहे, तेव्हा तुमच्याकडे चक्कर टाकीन म्हणाले.

जेवणाबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात. 'थोडं घेणार का' या प्रश्नात 'थोडं' या शब्दावर जोर असतो आणि 'नको' हे उत्तर गृहीत असते. बापूंच्या घरी काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, विचारतच नाहीत. भाकरी पडते. आपण हात आडवा धरला तर हातावर पडते. मी शाकाहारी आहे असे सांगितल्यावर काकी थोडा वेळ गंभीर झाल्या, मग त्यांनी मला मटणाचा नुसता रस्सा वाढला. फोडी काढल्यात, म्हणाल्या. शेवटी शेपूची भाजी, ठेचा आणि गूळ यांवर माझा निभाव लागला. असा गूळ कर्वेनगरात 'ऑरगॅनिक' असे लिहिल्याशिवाय मिळत नाही. तन्मय बेसिकली व्हीगन होता. रात्रीपर्यंत तो बेसिकली राहिला नाही.

संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी आमची पाटी लागली. मी लिहून दिलेला मजकूर असा होता: 'युवा पर्यावरण शिक्षण व हवामान समन्याय अधिछात्र शिबिर.' पेंटरकडे पत्रा लहान होता आणि त्याला संक्षेपाची उत्तम जाण होती. त्याने मोठ्या लाल अक्षरांत 'हवामान न्याय' लिहिले, त्याखाली 'अधिछात्र', आणि त्याखाली, आपल्या मनाने, 'वेळ १० ते १'.

मी म्हटले, ऱ्हस्वदीर्घ तरी बरोबर आहे. एवढ्यावर समाधान मानणारी बाई पुढे काय होणार आहे हे ओळखू शकत नाही.

शुक्रवार: शाळा, आणि पाटीखाली

सकाळी सातवीच्या वर्गात तन्मयने सादरीकरण केले. एप्रिल महिना, वर पत्रा, खाली पन्नासेक मुले, आणि भिंतीवर वितळत्या बर्फावर उभे असलेले पांढरे अस्वल. मुलांना अस्वलाची दया आली नाही. त्यांना त्याचा हेवा वाटला. एकीने विचारले की त्याच्या वर्गात पंखा आहे का. तन्मयने शांतपणे सांगितले की बेसिकली उष्णता ही सर्वांची समान समस्या आहे. तेवढ्यात वीज गेली आणि अस्वलही गेले.

मग शीतल उभी राहिली. तिने मुलांना बाहेर नेले आणि पत्र्याखाली, चिंचेखाली आणि उन्हात असे तिन्हीकडे उभे करून कुठे कसे वाटते ते विचारले. एवढाच तिचा तास. मी मनात म्हटले, याला काही सादरीकरण म्हणत नाहीत. पण मुले जेवणाच्या सुट्टीतही चिंचेवरून भांडत होती, हे खरे.

दहा वाजता बाहेर आलो तर पाटीखाली माणसे बसलेली. काहींच्या हातात कागद, एकाच्या हातात आधारकार्ड. मला वाटले शाळेचे काही काम असेल. एक आजोबा पुढे झाले आणि नमस्कार करून म्हणाले, अधिकारी साहेब कोणते?

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'अधिछात्र' हा शब्द गावाने वाचला होता आणि त्यातला न कळणारा भाग आपल्या अनुभवाने दुरुस्त करून घेतला होता. सरकारी पाटीवर 'अधि' ने सुरू होणारा शब्द 'अधिकारी' असतो. पुढे न्याय लिहिलेला, पुढे वेळ लिहिलेली. शंकेला जागाच नव्हती. उद्या मी एखाद्या पाटीवर 'न्यायालय' वाचले तर आत जाऊन हे भाषांतर असावे असे म्हणणार आहे का?

मी शब्दाची व्युत्पत्ती सांगायला सुरुवात केली. लोकांनी ती शांतपणे ऐकली. सरकारी माणूस कामाच्या आधी काहीतरी सांगतोच, अशी त्यांची समजूत असावी. मग तक्रारी सुरू झाल्या. आजोबांचे म्हणणे होते की रेडिओवरचा पावसाचा अंदाज चुकतो, तुम्ही हवामानाचे आहात, तर संबंधिताला समज द्यावी. दुसऱ्याच्या शेजाऱ्याने शेणाचा ढीग वाऱ्याच्या बाजूला घातला होता. तिसऱ्याला आधारकार्डावरचे नाव दुरुस्त करून हवे होते. तन्मय घाबरून समन्वयकांना फोन लावत होता. शीतलने मात्र शाळेतून खुर्ची मागवली आणि तिच्यावर बसली.

शेवटी एक बाई आल्या. सुनीताताई, शाळेमागच्या आळीत राहणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.

"पाटीवर हवेचा न्याय लिवलाय म्हणून आले," त्या म्हणाल्या. "माझी हवेचीच तक्रार हाय."

मी सवयीने म्हणाले की हवामान म्हणजे हवा नव्हे, ती एक दीर्घकालीन सरासरी असते. शीतलने माझ्याकडे असे पाहिले की ती सरासरी तिथेच थांबली. आम्ही उठून सुनीताताईंच्या मागे गेलो.

त्यांचे घर दोन खोल्यांचे. मागच्या खोलीला एकच खिडकी. पूर्वी तिच्यासमोर बापूंचा ऊस होता आणि उसातून येणारा वारा गार असे, अगदी मे महिन्यातसुद्धा. आता तिथे सोसायटीची भिंत आहे, भिंतीला लागून तिचे क्लब हाऊस, आणि क्लब हाऊसच्या पाठीला एसीचे चार मोठे बाहेरचे डबे, चौघांची तोंडे बरोबर या खिडकीकडे. आत लोकांना गार वाटावे म्हणून जी उष्णता बाहेर काढायची, ती कुठेतरी काढावीच लागते. सोसायटीने ती इथे काढली होती.

खोलीत खाटेवर त्यांची लेक काजल होती, बाळंतीण. शेजारी पाळण्यात बाळ. खिडकी उघडली तर भाजून निघायचे, बंद केली तर उकडून. आणि डब्यांची घरघर अशी की शेजारी बसूनही मोठ्याने बोलावे लागत होते. बाळाची मान घामोळ्यांनी लाल झाली होती. मी थोडाच वेळ उभी होते आणि मला तिथून निघावेसे वाटत होते. काजलला निघता येत नव्हते.

सुनीताताईंनी खरी गोष्ट मग सांगितली. रविवारी बारसे. उरुळीहून विहीणबाई येणार. त्या दवाखान्यात एकदाच येऊन गेल्या होत्या, तेव्हाच त्यांनी बजावले होते की नातीचे हाल दिसले तर सून आणि बाळ त्याच दिवशी घेऊन जाऊ. पहिले बाळंतपण माहेरी, आणि लेक सव्वा महिना आईजवळ. हा आमच्याकडेही रिवाज आहे, फक्त आम्ही त्याला 'मॅटर्निटी ब्रेक' म्हणतो. बाराव्या दिवशी बाळंतीण उचलून न्यायची म्हणजे माहेराने नीट ठेवली नाही असा त्याचा अर्थ. तो अर्थ गावात पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

"मला दुसरं काय नको," त्या म्हणाल्या. "माझी पोरगी सव्वा महिना माझ्याकडं राहावी, एवढा न्याय द्या."

मी मराठीची प्राध्यापक आहे. मी ते वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले.

शनिवार: भिंतीपलीकडचा देश

सोसायटीत जायला आळीतून रस्ता नाही. भिंत हाताच्या अंतरावर, पण फाटक दुसऱ्या अंगाला, म्हणून पूर्ण वळसा घालावा लागतो. फाटकावर तुमचे नाव, फोन आणि हेतू विचारतात. तन्मयने हेतूच्या रकान्यात 'इक्विटी' लिहिले, तेव्हा सुरक्षारक्षकाने कुरियर आहे का म्हणून विचारले.

सोसायटीच्या नावात निसर्ग आहे, हिरवाई आहे आणि शेवटी एक इंग्रजी शब्दही आहे. आत कारंजे, हिरवळ, आणि पर्यावरणपूरक सोसायटीचे मिळालेले मानचिन्ह काचेच्या पेटीत. चेअरमन साहेब आम्हाला क्लब हाऊसमध्ये भेटले. ते मूळचे आमच्याच कर्वेनगरातले. जुनी इमारत पाडायला दिली आणि इकडे आले. मला त्यांना पाहून माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले, आणि आत इतके गार होते की मी पदर लपेटून घेतला.

त्यांचे लक्ष आधी तन्मयच्या छातीवर गेले. दोघा मुलांच्या टी-शर्टवर तोच शब्द छापला होता.

"अधिछात्र! वा. किती दिवसांनी हा शब्द वाचला," ते म्हणाले.

पुढचा बराच वेळ आम्ही दोघांनी इक्विटीला 'समन्याय' की 'समन्यायिता' यावर चर्चा केली. त्यांचा व्यासंग खरोखर चांगला होता. मला सांगायला संकोच वाटतो, पण माझा वेळ फार छान गेला. शीतल समोरच्या भिंतीकडे पाहत होती. त्या भिंतीच्या पलीकडे ते डबे होते. मग तिने मध्येच विषय काढला.

चेअरमन साहेब रागावले नाहीत. पुणेरी माणूस रागावत नाही, तो स्पष्ट करतो. डबे दुसऱ्या बाजूला बसवले तर इमारतीची दर्शनी बाजू बिघडते. नियमाप्रमाणे भिंत आमच्या हद्दीत आहे. हवा हद्दीबाहेर गेली तर ती आमची राहत नाही.

"आणि आपण कोण?" त्यांनी शीतलला अगदी आदराने विचारले. "अधिछात्र म्हणजे विद्यार्थी. विद्यार्थ्यांनी शिकावं. तक्रार ऐकायची तर समोर अधिकारी लागतो."

गावाने जो शब्द चुकीचा वाचला, तो इथे बरोबर वाचला गेला होता. मी आयुष्यभर मुलांना शब्दाचा नेमका अर्थ शिकवत आले. नेमका अर्थ इतका निरुपयोगी असू शकतो, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

त्यानंतर त्यांनी हुकमाचा पत्ता टाकला. रविवारी सकाळी क्लब हाऊस आमच्यासाठीच राखून ठेवले होते. समन्वयकांनी सादरीकरणासाठी परस्पर ही जागा ठरवली होती, कारण ती गार होती. परीक्षक, पालक, पाहुणे असे सगळे येणार. तुम्ही लिहून द्या, मी एसी बंद ठेवतो, असे चेअरमन साहेब म्हणाले. तन्मयने बाहेर जाऊन समन्वयकांना विचारले. आवाजी संदेश आला की परीक्षक मुंबईहून येत आहेत, त्यांच्या कम्फर्टशी तडजोड नको, आणि शक्य असल्यास त्या बाईंचा एक फोटो स्लाइडमध्ये टाकावा. म्हणजे रविवारी सकाळी भिंतीच्या या बाजूला हवामान न्याय होणार होता आणि त्याच वेळी त्याची गरम हवा पलीकडे बारशात जाणार होती.

आम्ही वळसा घालून परत निघालो. तन्मय हिरमुसला होता. मी पत्र लिहिण्याची भाषा करत होते. माझ्या पिढीला कोणत्याही दुःखावर पत्र सुचते. शीतल एकदम थांबली.

"मॅडम, आपण तक्रार घेऊन गेलो, तेच चुकलं," ती म्हणाली. "आमच्याकडं असं नाय करत. आपण आवतान घेऊन जाऊ."

ती सुनीताताईंना घेऊन दुपारी पुन्हा वळसा घालून गेली. मीही गेले. या वेळी रकान्यात हेतू 'बारसे' असा लिहिला आणि रक्षकाने लगेच आत सोडले. आम्ही चेअरमन साहेबांना भेटायला क्लब हाऊसमध्ये गेलोच नाही, त्यांच्या घरी गेलो. दार मंगलाताईंनी उघडले, त्यांच्या पत्नीने. सुनीताताईंनी कोयरीतले हळदकुंकू पुढे केले आणि उद्या सकाळी नातीचे बारसे आहे, यायचे हं, एवढेच म्हणाल्या. एसीचा एसुद्धा काढला नाही.

मंगलाताई दारातच थबकल्या. त्यांनी कपाळाला कुंकू लावून घेतले. इथे राहायला आल्यापासून कोणी कुंकू लावून बोलावलेच नाही हो, असे त्या म्हणाल्या. सोसायटीत वाढदिवस होतात, पण त्यांचे निमंत्रण मोबाइलवर येते आणि त्यात कोणत्या रंगाचे कपडे घालायचे ते लिहिलेले असते. त्यांनी आम्हाला आत बोलावले आणि कुठे राहता म्हणून विचारले. सुनीताताईंनी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बोट दाखवले.

रविवार: भिंतीच्या दोन्ही बाजूंना

सकाळी तन्मय आणि शीतल क्लब हाऊसमध्ये गेले. मी तिथे असणे अपेक्षित होते. पण बारशाला आम्ही बोलावून ठेवलेल्या बाई येणार आणि आम्हीच नाही, हे बरे दिसेना. म्हणून मी आळीत गेले.

विहीणबाई आधीच येऊन बसल्या होत्या. ठेंगणी, कडक बाई, नऊवारी चापूनचोपून. त्यांनी घराकडे एकदा पाहिले, खिडकीकडे एकदा, आणि बाळाच्या मानेकडे बराच वेळ. त्यांच्याबरोबर आलेला जीपवाला दारात उभा होता आणि त्यांनी त्याला जेवायला बसू दिले नव्हते. याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येक बाईला कळला. सुनीताताई घुगऱ्यांचे पातेले उगीच ढवळत होत्या. काजल खाली मान घालून बसली होती.

पलीकडे कार्यक्रम सुरू झाला असावा, कारण चारही डबे एकदम घरघरू लागले. पाळण्याला लावलेल्या कागदी माळा त्या हवेने हलू लागल्या. पाहुण्या बायका पदराने वारा घेत होत्या. बाळ रडू लागले, आणि ते रडते आहे हे त्याच्या तोंडावरूनच कळत होते.

मंगलाताई तेवढ्यात आल्या. चांगली पैठणी नेसलेल्या, हातात झबल्या-टोपड्याचा पुडा. सुनीताताईंनी मानाने त्यांना खिडकीजवळची एकुलती एक खुर्ची दिली. मला वाटले हे मुद्दाम केले. मग लक्षात आले, खरोखरच एकच खुर्ची होती. मंगलाताई बसल्या. आधी त्यांनी घाम टिपला. मग मागे वळून पाहिले कसली हवा येते आहे ते. मग पुष्कळ वेळ पाहतच राहिल्या. वर, भिंतीच्या कडेवर, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती.

कोणी त्यांना काही सांगितले नाही. त्यांनी पुडा माझ्या मांडीवर ठेवला आणि उठून गेल्या. विहीणबाई म्हणाल्या, त्या बाईंना उकाडा सोसला नसेल. मलाही तेच वाटले, आणि शीतलचा डाव फसला म्हणून मी खट्टू झाले.

क्लब हाऊसमध्ये काय झाले ते तन्मयने मला नंतर सांगितले. शीतल परीक्षकांपुढे बोलत होती. मंगलाताई मधल्या वाटेने सरळ व्यासपीठापर्यंत गेल्या आणि चेअरमन साहेबांच्या पुढ्यातला एसीचा रिमोट उचलला. ते हळूच म्हणाले, अहो, काय हे, कार्यक्रम चालू आहे. त्या म्हणाल्या, तिकडेही चालू आहे. बटण दाबून त्या निघून गेल्या. मुंबईच्या परीक्षकांनी सादरीकरण संपेपर्यंत रुमाल वापरले. समन्वयकांच्या अहवालात पुढे 'वातावरण उबदार होते' असे आले. शीतलची पुढच्या फेरीसाठी निवड झाली नाही. तन्मयची झाली. त्याने नकार कळवला आणि पत्रात 'बेसिकली' हा शब्द एकदाही वापरला नाही.

इकडे आत्याने बाळ मांडीवर घेतले होते. नाव कानात सांगायची वेळ आली होती आणि आत्या वैतागून म्हणत होती की या आवाजात मी काय सांगणार आणि पोरगी काय ऐकणार. ती वाकली, आणि घरघर थांबली.

एकाएकी. असा आवाज बंद झाला की मग कळते तो किती होता. पाळण्याची कडी कुरकुरली तेही ऐकू आले. आत्याने बाळाच्या कानात हळूच सांगितलेले नाव, जे फक्त बाळाने ऐकायचे असते, ते सगळ्या खोलीने ऐकले. ईश्वरी. बायकांना हसू आवरेना आणि त्यांनी आत्याच्या पाठीत जरा जास्तच धपाटे घातले. मला रडू आले. लिहायला काय हरकत आहे, आले.

खिडकीतून काही फार गार वारा आला असे नाही. नुसती हवा आली. बाळ गप्प झाले.

पूर्ण वळसा घालून मंगलाताई परत आल्या तेव्हा पैठणी घामाने चिंब झाली होती आणि हातात रिमोट तसाच होता. त्या खुर्चीत बसल्या आणि घुगऱ्या मागून घेतल्या. विहीणबाई त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या.

"तुम्ही कोण म्हणायच्या?"

मंगलाताईंनी ओळख सांगायला तोंड उघडले. नवऱ्याचे नाव आणि पद ओठांवर आलेले मला दिसले. मग त्यांनी ते गिळले.

"शेजारीण," त्या म्हणाल्या. "भिंतीपलीकडची."

विहीणबाईंनी दारातल्या जीपवाल्याकडे पाहिले आणि त्याला आत येऊन जेवायला बस म्हणून सांगितले. सुनीताताईंच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला.

"सव्वा महिन्यानं येतो पोरीला न्यायला," विहीणबाई त्यांना म्हणाल्या. मग मंगलाताईंकडे वळल्या. "आन् तवर त्यो रिमोट तुमच्याकडंच ठेवा."